काम दीड तासाचं, मग सहा दिवस जातात कुठे? बीपीएमची भानगड सोप्या भाषेत

मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा मेल येतोच. "आपण कंपनीत बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट (बीपीएम) सुरू करत आहोत, सर्वांनी सहकार्य करावे." खाली मोठ्या साहेबांचं नाव, सोबत एक पीपीटी आणि त्यात बाणच बाण. मग काही आठवड्यांनी बाहेरची माणसं येतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, तुम्ही दिवसभर नक्की काय करता ते विचारतात, आणि हे मदतीला आलेत की आपली खुर्ची मोजायला आलेत हे काही त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. त्यात आता एआयची भर, "आधी प्रोसेस नीट करू मग एआय लावू" हे वाक्य जिथेतिथे ऐकू येतंय, त्यामुळे ज्यांचा मॅनेजमेंटशी काडीचा संबंध नाही त्यांच्याही कानावर बीपीएम हा शब्द पडायला लागलाय. तर हे प्रकरण काय आहे, मोठ्या कंपनीत ते आणायचं म्हणजे काय करावं लागतं आणि त्यात घोडं कुठे पेंड खातं ते बघू.

आधी प्रोसेस म्हणजे काय

कुणीतरी काहीतरी मागितलं तिथपासून ते त्याच्या हातात पडेपर्यंत जी कामं एकामागून एक होतात ती सगळी मिळून एक प्रोसेस. ग्राहकाने ऑर्डर दिल्यापासून माल पोचून पैसे जमा होईपर्यंत एक. सप्लायरकडे माल मागवल्यापासून त्याचं बिल चुकतं होईपर्यंत दुसरी. नवीन माणसाला ऑफर लेटर दिल्यापासून तो लॅपटॉप, लॉगिन, गेटपास, पगाराचं खातं सगळं मिळून खरोखर कामाला लागेपर्यंत तिसरी.

आता यातली गोम अशी की कंपनीची रचना उभी असते आणि काम आडवं जातं. म्हणजे खरेदी, अकाउंट्स, एचआर, आयटी, कायदा हे सगळे उभे खांब, प्रत्येकाला आपला साहेब, आपलं बजेट, आपलं टार्गेट. पण नवीन माणूस कामाला लागण्यासाठी त्याचं प्रकरण एचआरकडून आयटीकडे, तिथून ॲडमिनकडे, मग सिक्युरिटीकडे आणि शेवटी पगार बघणाऱ्यांकडे असं आडवं फिरतं. कंपनीचा ऑर्ग चार्ट काढला तर त्यात खांब दिसतात, हा आडवा प्रवास त्यात कुठेच नसतो. एका विभागाने काम संपवून दुसऱ्याच्या हाती देणं याला हँडऑफ म्हणतात, आणि बहुतेक भिजत घोंगडी तिथेच पडलेली असतात, कारण देणाऱ्याच्या मते त्याचं काम झालेलं असतं आणि घेणाऱ्याच्या मते ते अजून सुरूच झालेलं नसतं. मधल्या काळात ती फाईल कुणाची? कुणाचीच नाही. निव्वळ बारभाई कारभार.

दीड तासाची गोष्ट

याचं एक जुनं पण अजूनही चपखल उदाहरण आहे आयबीएम क्रेडिटचं. आयबीएमचे कॉम्प्युटर घेणाऱ्या ग्राहकांना कर्ज देणारी ही आयबीएमचीच कंपनी. विक्रीवाला फोन करून सांगायचा की अमुक ग्राहकाला कर्ज हवंय. एक जण ते कागदावर लिहून घ्यायचा. कागद जायचा पत तपासणाऱ्या विभागाकडे, तिथून कराराच्या अटी ठरवणाऱ्यांकडे, मग व्याजदर काढणाऱ्याकडे, आणि शेवटी एक गट या सगळ्याचं पत्र तयार करून पाठवायचा. पाच टप्पे. सरासरी वेळ सहा दिवस, कधीकधी दोन आठवडे. तेवढ्यात ग्राहक दुसरीकडून पैसे उभे करायचा किंवा सौदाच सोडून द्यायचा, आणि विक्रीवाला रोज फोन करून विचारायचा की माझी फाईल कुठाय, तर तेही कुणाला सांगता यायचं नाही.

पहिला उपाय काय केला असेल? एक कंट्रोल डेस्क बसवला. प्रत्येक टप्पा झाला की कागद या डेस्ककडे परत यायचा, तिथे नोंद व्हायची आणि मग पुढे जायचा. आता फाईल कुठाय ते सांगता यायला लागलं, फक्त एकूण वेळ आणखी वाढला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग दोन वरिष्ठ मॅनेजरांनी एक साधी गोष्ट केली. एक अर्ज स्वतः हातात घेतला आणि पाचही टप्प्यांवर चालत गेले, प्रत्येकाला म्हणाले हातातलं बाजूला ठेवा आणि हा अर्ज नेहमीसारखाच करा, फक्त ढिगात टाकू नका. सगळं मिळून प्रत्यक्ष काम झालं नव्वद मिनिटांत. बाकीचे सहा दिवस कागद नुसता कुणाच्या तरी टेबलावर वाट बघत होता.

पुढे त्यांनी अजून एक शोध लावला जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बहुतेक अर्ज अगदी सरधोपट होते, त्यांना चार वेगवेगळ्या तज्ज्ञांची गरजच नव्हती. मग चांगली कॉम्प्युटर सिस्टम हाताशी देऊन एकाच माणसाने अख्खा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचा असं ठरवलं, खरोखर किचकट असेल तेव्हाच तज्ज्ञाला हाक मारायची. सहा दिवसांचे चार तास झाले.

पण मग सगळे एवढे बिझी का असतात?

हा प्रश्न रास्त आहे, कारण वरची गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल की लोक पाट्या टाकत होते. तसं नाही. गर्दीच्या रस्त्यावरून गाडीने जाताना काय होतं आठवा. वेळ चालवण्यात कमी आणि सिग्नलवर जास्त जातो. दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं तरी फार तर दोन मिनिटं वाचतील. आणि प्रत्येक चौकात उभा असलेला पोलीस आपापला चौक उत्तम सांभाळत असतो, पण पुढच्या चौकात काय चाललंय हे बघणं त्याचं कामच नसतं, त्यामुळे सगळे चौक नीट चाललेत आणि प्रवास मात्र रखडलाय असं होऊ शकतं. विभागांचंही हेच. खरेदीवाल्यांना पैसे वाचवायचं टार्गेट, म्हणून बारीकसारीक वस्तूलाही तीन कोटेशनं मागायचा नियम. अकाउंट्सला एकगठ्ठा काम सोयीचं पडतं, म्हणून बिलं आठवड्यातून दोनदाच बघायची. प्रत्येकाचं कारण आपापल्या जागी शहाणपणाचंच असतं.

शिवाय यात थोडं गणित आहे, घाबरू नका, दोनच आकडे. एका माणसाकडे कामं कधीही येतात आणि कुठल्या कामाला किती वेळ लागेल याचाही नेम नाही असं धरा. तो माणूस वेळेच्या ८० टक्के कामात गुंतलेला असेल तर रांगेच्या साध्या गणिताप्रमाणे एक तासाच्या कामाला सरासरी चार तास वाट बघावी लागते. ९० टक्के गुंतलेला असेल तर नऊ तास. ९५ टक्के असेल तर एकोणीस. म्हणजे माणूस जितका ठासून भरलेला तितकं त्याच्याकडचं काम हळू सरकतं, आणि कुणी रिकामं बसायला नको म्हणून प्रत्येकाला शंभर टक्के बिझी ठेवायची हौस असलेल्या कंपनीत सगळं का तुंबतं याचं उत्तर इथेच आहे.

दुसरा आकडा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या एका सोप्या नियमाचा. रोज ३० फाईली हातावेगळ्या होतात आणि ६०० पडून आहेत, तर नवीन आलेल्या फाईलला सरासरी २० दिवस लागणार, मग तुम्ही तिच्यावर "अर्जंट" असं लाल अक्षरात लिहा नाहीतर आणखी काही करा. अर्जंटवाली पुढे घेतली की दुसरी कुठलीतरी मागे जाते, एवढंच.

बरं, मग बीपीएम म्हणजे नक्की काय?

कंपनीत कोणकोणत्या प्रोसेस आहेत ते ओळखायचं, त्या आज खरंच कशा चालतात ते बघायचं, मोजायचं, बदलायचं, बदललेली पद्धत चालवायची आणि ती चालतेय का ते परत बघत राहायचं. हे चक्र कायम चालू ठेवणं म्हणजे बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट, थोडक्यात बीपीएम. यातला शेवटचा भाग, परत बघत राहायचं, हाच बहुतेक ठिकाणी गळतो.

कल्पना नवी नाही. कामाच्या पायऱ्या चिन्हांनी कागदावर मांडायचा तक्ता फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ मध्येच अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनियरांपुढे ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी मोजत राहणं आणि थोडं थोडं सुधारत जाणं अंगी मुरवलं. मग १९९० मध्ये मायकल हॅमर या माजी प्राध्यापकाने एकदम टोकाची भूमिका घेतली, की जुनी प्रोसेस कॉम्प्युटरवर चढवू नका, ती मोडून नवीन बांधा. याला री-इंजिनियरिंग म्हणायला लागले.

हॅमर यांचं गाजलेलं उदाहरण फोर्ड कंपनीचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या एका विभागात सप्लायरांची बिलं चुकती करायला ५०० च्या वर माणसं होती. कॉम्प्युटर लावून ती ४०० वर आणू असा बेत चालला होता. मग कुणीतरी मज्दा या जपानी मोटार कंपनीकडे बघितलं, त्यात फोर्डची भागीदारी होती. तिथे हेच काम पाच माणसं करत होती. मज्दा लहान कंपनी हे मान्य, पण तेवढा हिशेब धरूनही फरक फार मोठा होता.

फोर्डमध्ये ऑर्डरचा कागद, माल मिळाल्याचा कागद आणि सप्लायरचं बिल या तिन्हींतल्या चौदा गोष्टी जुळल्या की पैसे द्यायचे असं होतं, आणि बहुतेक वेळ जुळत नसलेल्या थोड्या प्रकरणांचा माग काढण्यात जायचा. नव्या पद्धतीत बिलच काढून टाकलं. माल दारात आला की तिथला माणूस कॉम्प्युटरवर ऑर्डर बघणार, जुळला तर घेणार आणि पैसे आपोआप निघणार, नाही जुळला तर माल तिथूनच परत. चौदाच्या जागी तीन गोष्टी जुळवायच्या. माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली. या आकड्याकडे पुढे परत येऊ कारण त्याची दुसरी बाजू आहे.

री-इंजिनियरिंग आणि बीपीएम यांत फरक एवढाच लक्षात ठेवा की पहिलं एकदाच करायचं ऑपरेशन, आणि दुसरं रोज चालू ठेवायचं काम.

मोठ्या कंपनीत सुरुवात कुठून करायची?

सगळ्यात सर्रास होणारा घोळ म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्याच प्रोसेस काढायला बसणं. शेकडो नकाशे तयार होतात, ते एका पोर्टलवर चढवतात, पोर्टलचं उद्घाटन होतं, आणि नंतर तिकडे कुणी फिरकत नाही. नुसते कागदी घोडे. यादी करायला हरकत नाही, उलट वरवरची यादी हवीच, आणि ती शून्यातून करायचीही गरज नाही, एपीक्यूसी या संस्थेने कुठल्याही कंपनीत साधारण आढळणाऱ्या प्रोसेसची तयार वर्गवारी केलेली आहे ती समोर ठेवून आपली यादी काही आठवड्यांत होते. पण खोलात मात्र एक किंवा दोनच घ्याव्यात. कोणत्या? जिथे लोक खरंच वैतागलेत, जी वरचेवर होते म्हणजे मोजता येण्याइतकी प्रकरणं आहेत, आणि जी तीन-चार विभागांमधून जाते. एकाच विभागात संपणारी निवडली तर काम सोपं होतं खरं, पण मग त्यातून मूळ दुखण्याबद्दल काही शिकायला मिळत नाही.

मग आज ती कशी चालते याचं चित्र काढायचं, याला ॲज-इज म्हणतात. इथे मॅनेजरला विचारलं तर तो प्रोसेस कशी असायला हवी ते सांगतो, आणि त्याला तसं मनापासून वाटतही असतं. प्रत्यक्ष काम करणारीला विचारलं तर ती सांगते की सिस्टममध्ये तो पर्यायच नाहीये म्हणून मी रिमार्कमध्ये लिहिते, आणि मग अकाउंट्समधल्या माणसाला फोन करून सांगते की रिमार्क वाचा. खरी प्रोसेस ही. म्हणून चित्र काढताना "सगळं सुरळीत असेल तर काय होतं" हे दहा मिनिटांत उरकावं आणि बाकीचा वेळ "बिनसलं की काय करता" या प्रश्नाला द्यावा.

चित्र काढायची एक ठरलेली भाषाही आहे, तिला बीपीएमएन म्हणतात. गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, आयत म्हणजे काम, चौकट तिरकी केली की निर्णय, आणि प्रत्येक विभागाला पोहण्याच्या तलावासारखी एक आडवी लेन. तिची दुसरी आवृत्ती २०११ ची आणि २०१३ पासून ती आयएसओचं स्टँडर्डही आहे. चिन्हं पुष्कळ आहेत पण सामान्य माणसाला समजायला ही चारच पुरतात, आणि ज्याला कोर्स केल्याशिवाय नकाशा वाचता येत नाही तो नकाशा कामाचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता याला जोड मिळालीय प्रोसेस मायनिंगची. कंपनीच्या सिस्टममध्ये झालेल्या कामांच्या नोंदींचा माग राहतो, कुठलं प्रकरण, कुठलं काम, किती वाजता. या तीन गोष्टी काढल्या की सॉफ्टवेअर प्रोसेसचं चित्र स्वतःच काढून देतं. विल व्हॅन डर आल्स्ट या डच संशोधकाने १९९० च्या दशकाच्या शेवटापासून यावर काम केलं, आज त्यावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत. पहिल्यांदा ते चित्र बघणाऱ्यांना हमखास धक्का बसतो, कारण कागदावरच्या एका सरळ रेषेऐवजी बाणांचं जाळं दिसतं. पण याच्याही मर्यादा आहेत. जे सिस्टममध्ये झालं तेच त्याला दिसतं, फोनवर, चॅटवर आणि कुणाच्या तरी खासगी एक्सेल शीटमध्ये झालं ते नाही, म्हणजे माणसांशी बोलणं काही टळत नाही.

कुणाची जबाबदारी? इथेच खरी लढाई

बीपीएममध्ये एक पद असतं प्रोसेस ओनर. म्हणजे अख्ख्या आडव्या प्रवासाला जबाबदार असा एक माणूस. बिल चुकतं व्हायला उशीर झाला तर खरेदी अकाउंट्सकडे आणि अकाउंट्स गोदामाकडे बोट दाखवणार नाही, एकाच्याच दारात जाऊन उभं राहता येईल.

कागदावर झकास. प्रत्यक्षात काय होतं की हे पद कुणातरी मधल्या फळीतल्या माणसाला चिकटवतात, ज्याच्या हातात ना माणसं ना बजेट. माणसं विभागप्रमुखांची, त्यांचं अप्रेझल विभागप्रमुखांच्या हातात, आणि हा बिचारा मीटिंगा लावत फिरतो. दोन-तीन मीटिंगांनंतर मोठी माणसं आपल्या ज्युनियरला पाठवतात, मग ज्युनियर त्याच्या ज्युनियरला, आणि पाचव्या मीटिंगमध्ये निर्णय घेऊ शकेल असं कुणीच उरत नाही.

मला विचाराल तर बीपीएम आणणारी कंपनी खरंच गंभीर आहे का हे ओळखायला सॉफ्टवेअर कुठलं घेतलं ते बघू नका, ओनरला काय अधिकार दिलेत ते बघा. या प्रवासातल्या कुठल्याही विभागाला नवीन फॉर्म किंवा नवीन सही वाढवण्याआधी त्याला विचारावंच लागतं का? विभागप्रमुखांच्या स्वतःच्या बोनसमध्ये त्या आडव्या प्रवासाच्या वेळेचा काही हिस्सा आहे का? दोन विभाग भांडले तर ओनर थेट कुणाकडे जाऊ शकतो, आणि तो वरचा माणूस आठवड्याभरात उत्तर देतो का? या तिन्हींचं उत्तर नाही असेल तर बाकी सगळा देखावा. म्हणूनच ओनर हा वरच्या फळीतला असावा, विभागप्रमुखांच्या बरोबरीचा, आणि त्याच्या हाताखाली रोजचं बघायला एक प्रोसेस मॅनेजर दिला तरी चालतो.

"आम्ही सॉफ्टवेअर घेतोय की, मग झालं ना?"

नाही झालं. वाईट प्रोसेस ऑटोमेट केली की तेच वाईट काम जास्त वेगाने होतं, आणि आता ते कोडमध्ये पक्कं बसल्यामुळे बदलायला आयटीकडे रिक्वेस्ट टाकावी लागते. रोबोटिक ऑटोमेशन म्हणून जो प्रकार आहे, म्हणजे माणूस स्क्रीनवर जे क्लिक करतो तेच सॉफ्टवेअर करतं, त्यात तर हे हमखास होतं. या सिस्टममधून कॉपी करून त्या सिस्टममध्ये पेस्ट करणारा बॉट बसवतात, पण दोन सिस्टममध्ये तीच माहिती दोनदा का भरायची हे कुणी विचारत नाही, आणि स्क्रीनवरचं एखादं बटण हललं की बॉट अडकतो. एआय एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने काम उरकणारं एआय सॉफ्टवेअर, त्याचंही तेच, त्याला नियम स्पष्ट सांगावे लागतात आणि "रिमार्क वाचा" हा नियम कुठेच लिहिलेला नसतो.

अर्थात सॉफ्टवेअर बिनकामाचं असंही नाही. आयबीएममध्ये एका माणसाला अख्खा अर्ज करता आला तो चांगल्या सिस्टममुळेच. फक्त क्रम पाळायचा. आधी कुठली पायरी काढून टाकता येईल ते बघायचं, मग उरलेल्या जोडता येतात का ते, मग सोप्या करता येतात का ते, आणि त्यानंतर जे राहील ते ऑटोमेट.

"म्हणजे शेवटी नोकऱ्याच जाणार"

या भीतीला हसण्यात अर्थ नाही. फोर्डचा ७५ टक्क्यांचा आकडा वर आलाच आहे. १९९० च्या दशकात री-इंजिनियरिंग हा शब्द बऱ्याच कंपन्यांनी माणसं कमी करायचं सभ्य नाव म्हणून वापरला, इतका की ही कल्पना मांडणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक असलेल्या थॉमस डेव्हनपोर्ट यांनीच १९९५ मध्ये जाहीरपणे लिहिलं की या लाटेत माणसांचा विसर पडला.

याचा फटका कंपनीलाच बसतो तो असा. खरी प्रोसेस कशी चालते हे ज्यांना माहीत आहे, तेच लोक घाबरले तर सांगणार नाहीत, आपल्या युक्त्या लपवतील, आणि नकाशा खोटा निघेल. खोट्या नकाशावर आधारलेला बदल सुरू केला की पहिल्याच महिन्यात सगळं तुंबतं. त्यामुळे माणसं कमी करायची असतील तर ते आधीच स्पष्ट सांगावं, आणि करायची नसतील तर वाचलेल्या वेळेचं काय करणार हे लेखी द्यावं. "तूर्तास तसा विचार नाही" हे वाक्य सगळ्यात घातक, त्याचा अर्थ प्रत्येक जण बरोब्बर ओळखतो.

"आमचं काम वेगळं आहे, साच्यात बसत नाही"

हे प्रत्येक विभाग म्हणतो आणि काही वेळा ते खरंही असतं. फसवणुकीचा तपास, मोठ्या ग्राहकाची गुंतागुंतीची तक्रार, कोर्टातलं प्रकरण, अशा कामांत पुढची पायरी आधीच्या पायरीत काय सापडलं त्यावर ठरते. तिथे सरळ रेषेचा नकाशा लादला तर लोक नकाशा बाजूला ठेवून काम करतात आणि नंतर वरातीमागून घोडं तसे फॉर्म भरतात. अशा कामांत काय मिळवायचं, कुणाला काय ठरवायचा अधिकार आहे आणि कुठली कामं कुठल्याही परिस्थितीत व्हायलाच हवीत एवढं ठरवून बाकी माणसावर सोडावं. पण आपलं अख्खं काम असं आहे म्हणणाऱ्यांना मागच्या शंभर प्रकरणांची यादी काढायला सांगा. त्यातली बरीचशी एकसारखीच निघतात, आयबीएमच्या अर्जांसारखी.

"आमच्याकडे आयएसओ आहे" हाही एक नेहमीचा बचाव. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या स्टँडर्डमध्ये २००० च्या आवृत्तीपासून प्रोसेसवर भर आहेच, त्यामुळे पाया तयार असतो. पण ऑडिटच्या आदल्या आठवड्यात फायली झटकणं म्हणजे प्रोसेस सांभाळणं नव्हे हे ते सांगणाऱ्यालाही माहीत असतं.

मोजायचं काय, आणि आकडे खोटे कसे होतात

एकूण वेळ मोजायचा, आणि तोही मागणाऱ्याच्या घड्याळाने. सपोर्टवाल्यांचं एक नेहमीचं तंत्र तुम्हीही अनुभवलं असेल, तक्रार आली की काहीतरी बारीक माहिती मागायची, घड्याळ थांबवायचं, आणि उत्तर दोन दिवसांत आलं नाही की तिकीट, म्हणजे ती तक्रारीची नोंद, बंद. रिपोर्टमध्ये सरासरी चार तास, माणूस मात्र आठवडाभर लटकलेला. त्यात त्या टीमचीही चूक कमी, टार्गेटच तसं लावलंय.

दुसरं मोजायचं ते म्हणजे पहिल्याच फटक्यात किती प्रकरणं न परतता पार झाली. दहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर ९५ टक्के काम बरोबर होतंय, तर प्रत्येक विभाग खूश असणार. पण ०.९५ ला दहा वेळा गुणा, उत्तर येतं साधारण ०.६०. म्हणजे शंभरातली चाळीस प्रकरणं कुठेतरी अडखळणार, आणि कुणाच्याही विभागाच्या रिपोर्टमध्ये ही चाळीस दिसणार नाहीत, पाच-पाच टक्के अशी विखुरलेली असणार. पायरीच कमी करणं हे पायरी सुधारण्यापेक्षा बऱ्याचदा फायद्याचं पडतं ते यामुळे. आणि एक, सरासरीवर विसंबू नका. सरासरी तीन दिवस म्हणजे निम्मी एका दिवसात आणि काही वीस दिवसांत असंही असू शकतं, आणि ओरड त्या वीस दिवसवाल्यांचीच असते.

उद्या तुमच्या टेबलाशी कुणी चिठ्ठ्या घेऊन आलं तर

तुमच्याकडून नियम ऐकायला ते आलेले नसतात, निदान नसावेत. अलीकडे अडकलेली तीन-चार प्रकरणं तारखांसकट काढून ठेवा, तुमच्याकडे कधी आलं, तुम्ही कधी हात लावला, पुढे कधी गेलं, परत किती वेळा आलं. माहिती अर्धवट येते ती नेमकी कुठल्या रकान्यात, ते लिहून द्या. ज्या सहीसाठी थांबावं लागतं त्या सहीने गेल्या वर्षभरात एकदा तरी काही अडवलंय का, तेही सांगा, नसेल अडवलं तर ती सही काढायचा प्रस्ताव तुमच्याच नावाने जाऊ द्या. आणि तुमची ती खासगी एक्सेल शीट दाखवा, पण दाखवायच्या आधी प्रोसेस ओनर कोण आहे आणि वाचलेल्या वेळेचं काय ठरलंय हे दोन प्रश्न त्यांना विचारून घ्या.